अण्णासाहेबांना दाखवलेलं नाटक

वाईट नाटक पाहून आलेले समीक्षक इतके खुशीत का असतात, हे मला कुणीच कधी सांगितलं नाही. माझी ताई तशीच होती. 'रांग पाचवी' नावाच्या संकेतस्थळावर ती आणि केळशीकर सर नाटकांची परीक्षणं लिहायचे. मी सातवी नापास. तिला स्कूटरवरून नाटकाला न्यायचो आणि शेजारी बसायचो.

ताई गेली. तेराव्याच्या दुसऱ्याच दिवशी, ज्यांचं नाटक तिनं शेवटचं झोडपलं होतं ते निर्माते अण्णासाहेब वालावलकर कचेरीत आले.

"तिचं शेवटचं परीक्षण काढून टाका. बाई मध्यंतरातच उठून गेली होती. मी शेवटपर्यंत बसलो होतो, मला माहीत आहे!"

सरांनी परीक्षण काढायला संगणक उघडला. अर्धं नाटक पाहून लिहायचं नाही, हा त्यांचाच नियम होता.

माझं डोकं फिरलं, तरी मी हात जोडले. "खरंय, अण्णासाहेब. शेवटी म्हातारा मरतो, तेव्हा ताई असती तर रडली असती."

"अरे, अख्खं थिएटर रडलं! मी स्वतः डोळे पुसले."

"कशाला? त्याचं तर लग्न लागतं! नटांनी खाली उतरून पेढे वाटले. ताईनं दोन घेतले."

सर इतके हसले की त्यांचा चष्मा पडला. ताई गेल्यापासून ते पहिल्यांदाच हसत होते. परीक्षण काही निघालं नाही.

त्याच नाटकाच्या रविवारच्या प्रयोगाचे ताईच्या नावाचे दोन पास माझ्याकडे होते. मी अण्णासाहेबांना शेजारी बसवलं आणि पडदा पडेपर्यंत उठू दिलं नाही. 'रांग पाचवी'साठी मी केलेलं ते शेवटचं काम.