पालीवरचं चर्चासत्र

प्रबंध हातानं लिहीत, त्या काळची गोष्ट. एका विद्यापीठाच्या ग्रंथालयातल्या लाकडी कपाटात प्रबंध खाणारे किडे राहत. इतिहासाचा किडा इतिहासच खाई, गणिताचा गणितच. दुसऱ्याच्या खणात तोंड घालणं असभ्य समजलं जाई.

एके दिवशी कपाटावर पाल चढली. किड्यांनी ताबडतोब चर्चासत्र भरवलं. प्राणिशास्त्राचा किडा अध्यक्ष झाला, कारण पालीच्या शेपटीवरचा अख्खा प्रबंध त्यानं पचवला होता. इतिहासाच्या किड्यानं आजवर पालींनी गिळलेल्या पूर्वजांचा आढावा घेतला. गणिताच्या किड्यानं पाल केव्हा पोहोचेल याचं समीकरण मांडलं.

भूगोलाचा किडा मधेच ओरडला, "अहो, मागच्या फळीला फट आहे! तिथून निघू या का?"

"प्रश्न शेवटी घ्यायचे असतात," अध्यक्षांनी दटावलं. "बसा खाली."

भूगोलाचा किडा बसला नाही. फटीतून निघून गेला. बाकीचे माना डोलावत ऐकत राहिले.

भाषणं संपली, टाळ्या झाल्या. अध्यक्ष म्हणाले, "हं, आता विचारा प्रश्न."

"माझा एकच आहे," अगदी जवळून पाल म्हणाली. "सुरुवात कोणापासून करू?"