तिसऱ्या पिसांची गादी

एका राज्यात, पार उत्तरेच्या टोकाला, जिथे जमीन अजून कच्चीच आहे, तिथे वज्रसेन राजा राज्य करत होता. जमीन कच्ची म्हणजे कशी, तर नुकत्याच तव्यावरून उतरवलेल्या भाकरीसारखी. वरून करपलेली, आतून वाफाळती. किनाऱ्याची वाळू काळी. कड्याचे दगड सहा कोनांचे, खांबांसारखे एकाला एक लागून उभे. पाथरवटाने घडवले म्हणावेत, तर तिथे छिन्नी कधी पोचलीच नव्हती. डोंगराने आग ओकली, ती समुद्राकडे धावली आणि निवता निवता तडकली, तिचे हे खांब. एका अंगाला बर्फाची नदी, दुसऱ्या अंगाला उकळत्या पाण्याचे झरे. बायका मडक्यात जवाचं पीठ कालवून वाफेच्या भोकात पुरत आणि दुपारी भाकर उकरून काढत. त्या मुलखात झाड नव्हतं, चुलीला वाळल्या शेवाळाखेरीज सरपण नव्हतं, तरी उपाशी कोणी नव्हतं.

उन्हाळ्यात तिथे सूर्य मावळत नसे. आभाळात नुसती फेरी घाली. ज्या दिवशी तो समुद्राला टेके, त्या दिवशी हिवाळा लागे.

त्या किनाऱ्यावर समुद्रबदकं घरटी करत. मादी आपल्या छातीची तपकिरी पिसं उपटून अंड्यांखाली अंथरी. ती बायका वेचून नेत. मादी पुन्हा उपटी, बायका पुन्हा नेत. मग मादीची छाती उघडी पडे, आणि नर येऊन आपली पांढरी पिसं उपटून देई. त्यांना मात्र कोणी हात लावत नसे. पहिलं पीस घराचं, दुसरं बाजाराचं, तिसरं पाखराचं. हा कायदा कुठे कोरून ठेवला नव्हता. रांगणाऱ्या पोरीलाही तो ठाऊक होता.

ठाऊक नव्हता तो राजमांत्रिक धूमकेतनाला, किंवा ठाऊक असून त्याची पर्वा नव्हती. तो राजाला म्हणाला, "महाराज, तिसऱ्या पिसाइतकी ऊब जगात नाही. त्याची गादी करा. मी ती मंत्राच्या दोऱ्याने शिवतो. तिच्यावर बसाल तोवर थंडी आपल्याला शिवणार नाही."

बायका म्हणाल्या, आम्ही हात लावणार नाही. मग सैनिक गेले. त्यांनी घरटी ओरबाडली. पांढरी पिसं कमी पडली म्हणून तपकिरी कोंबली, गादी फुगवली, सिंहासनावर घातली. राजा बसला. आणि त्याच क्षणी किनाऱ्याची ऊब गेली.

झरे गार पडले. डोंगराच्या तोंडावर हिमाची साय धरली. चुलीतला जाळ दिसे, पण हात धरला तर शेकत नसे. अंडी घरट्यात दगडासारखी निपचित.

दरबार भरला. खापर कोणाच्या डोक्यावर फुटलं? धूमकेतन डोळे मिटून म्हणाला, "पिसं वेचणाऱ्या बायकांचा विटाळ झाला." झालं. बाई दिसली की यांना विटाळ आठवतो. राजाने हुकूम दिला आणि त्या साऱ्या बायकांना बर्फाच्या बेटावर नेऊन सोडलं. त्यांत येसू दाई होती. राजाची आई बाळंतपणात गेली, तेव्हा येसूने त्याला अंगावर पाजलं होतं. सकाळी उठत नसला की ओला गार हात त्याच्या मानेवर ठेवून तिने त्याला उठवलं होतं. तीच येसू आता बर्फावर उकिडवी बसली, आणि सूर्य रोज समुद्राकडे थोडा थोडा उतरू लागला.

राजाची थोरली बहीण भोगावती. सारा गाव तिला आक्का म्हणे. केस पांढरे, कणा ताठ. ती दरबारात आली ती मुजरा न करताच.

"वज्रसेना, बायकांना परत आण. सूर्य समुद्राला टेकला की त्या जिवंत राहायच्या नाहीत."

"आक्का, न्याय झाला आहे."

"न्याय? गारठून लोक मरायला टेकले, आणि तू घामाने डवरलायस. याला न्याय म्हणतात?"

"कुठे आहे थंडी?" राजा खरंच आश्चर्याने म्हणाला. "मला तर काही जाणवत नाही."

आक्काने त्याच्याकडे पाहिलं. मग दरबारात शालजोड्या पांघरून बसलेल्या साऱ्या सरदारांकडे पाहिलं. एकजण म्हणेना की महाराज, आमचे दात वाजताहेत. सगळे दात दाबून बसले होते.

"बरं," ती म्हणाली. "मग मीच बघते."

ती कड्यावर गेली. तिथे सागरभट राहत. हे पक्षी अंगाने काळे, पोटाने पांढरे, चोच मात्र हळदकुंकू लावल्यासारखी. पोट पुढे काढून, खिन्न डोळ्यांनी उभे असतात, दक्षिणा राहून गेलेल्या भटासारखे. त्यांतला थोरला बोलता होता.

"भटजी, ऊब कुठे गेली?"

"गादीत कोंडली आहे, आक्का. पांढरं पीस घरट्यात जाऊन अंडं उबलं की सुटेल. पण कामं तीन आहेत. मंत्राचा दोरा लोखंडाने तुटत नाही, डोंगराच्या पोटातल्या काळ्या काचेने तुटतो. मिसळलेली पिसं हाताने निवडत नाहीत, देवमाशाच्या श्वासाने निवडतात. आणि राजा स्वतःच्या पायांनी उठला पाहिजे. बसल्या राजाखालची गादी कोणाच्याने फाटत नाही."

"तिसरं अवघड आहे."

"म्हणून तर मी सांगितलं आणि केलं नाही," सागरभट म्हणाला आणि समुद्राकडे तोंड करून उभा राहिला.

आक्का डोंगर चढली. शेवाळाच्या गाद्यांतून, खडबडीत काळ्या दगडांतून, राखेच्या घसरणीवरून. माथ्यावर पोचली तर डोंगराचं तोंड बर्फाने लिंपलेलं.

"ऊठ," ती म्हणाली. "मला तुझी काच हवी आहे."

"मी गारठलोय," आतून खोल आवाज आला. "ऊब घेऊन ये, मग तोंड उघडीन."

आता ऊब आणायची कुठून? आक्का तिथेच बसली आणि बोलू लागली. आधी धूमकेतनावर. मग शालजोड्यांवर. मग आपल्या सख्ख्या भावावर. चोरी पुरुषांनी केली आणि विटाळ बायकांचा, यावर ती जे बोलली ते इथे सांगण्याजोगं नाही. शेवटी तिचा मोर्चा डोंगराकडे वळला. "आणि तू. तुझ्या पोटात समुद्र उकळेल एवढा जाळ होता. दोन मुठी पिसं गेली आणि तोंड मिटून बसलास. तुझ्यापेक्षा माझी तव्याखालची राख बरी."

बोलता बोलता तिच्या तोंडातून वाफ निघू लागली. वाफेने हिमाची साय तडकली. किनाऱ्यावरची सारी ऊब गादीत गेली होती, पण संतापाला पिसं नसतात, तो कोणाला ओरबाडता आला नव्हता.

डोंगर खाकरला. त्याच्या तोंडातून काळ्या काचेचं एक पातं तिच्या पायाशी पडलं. "घे," तो म्हणाला. "आणि परत ये. बरं वाटलं."

खाली काळ्या वाळूच्या उथळ पाण्यात देवमासा येऊन पडला होता. पाण्याची ऊब गेली तशी त्याला पोहण्याची उमेद राहिली नव्हती. पाठीवर कठीण शिंपल्यांचे थरावर थर.

"तुझा एक श्वास दे," आक्का म्हणाली.

"देईन. पण आधी पाठ. किती वर्षं खाजते आहे. ज्याला सांगावं तो म्हणतो, केवढा मोठा तू, तुला काय झालंय."

"मोठ्यांची पाठ कोणी खाजवत नाही," आक्का म्हणाली आणि पदर खोचून पाण्यात उतरली. काचेच्या पात्याने तिने शिंपले खरवडले. सील आजूबाजूला डोकी वर काढून बघत राहिले. पाठ मोकळी झाली तेव्हा देवमाशाने एवढा मोठा सुस्कारा सोडला, की आक्काने कमरेची सोडून समोर धरलेली चामड्याची पखाल एका दमात फुगून टम्म झाली. तिने तोंड आवळून बांधलं.

वर पाहिलं तर सूर्य समुद्रापासून जेमतेम हातभर वर होता.

ती धावली नाही. या वयात धावणं शोभत नाही. पण दरबाराच्या दारातले भालदार तिला पाहून आपोआप बाजूला झाले.

"वज्रसेना, ऊठ."

"आक्का, राजा कोणासाठी उठत नाही."

"महाराज उठले तर राज्य बुडेल," धूमकेतन म्हणाला.

आक्काने वाद घातला नाही. वाद फार झाले होते. ती सिंहासनाच्या मागे गेली, समुद्राच्या पाण्याने गोठलेला आपला हात पुढे केला आणि भावाच्या मानेवर ठेवला.

ती थंडी गादीच्या मंत्राला ठाऊक नव्हती. ती सकाळची होती, जुनी होती. राजा "उठतो गं येसू, उठतो" म्हणत ताडकन उभा राहिला.

मग तो तसाच उभा राहिला. थंडी त्याच्या पायांतून वर चढली. त्याचे दात वाजू लागले. दरबाराने ते ऐकलं आणि हळूहळू सारा दरबार दात वाजवू लागला, मोकळेपणाने. "कुठे आहे येसू?" राजाने विचारलं, आणि विचारता विचारता त्याला आठवलं.

तोवर आक्काने दोरा कापला होता. धूमकेतन कुरव पक्षी होऊन खिडकीतून उडाला. पण त्याचे सगळे मंत्र त्याच दोऱ्यात ओवलेले होते. परत माणूस व्हायचा मंत्र तुटला. तो आजही मासे साफ करतात तिथे आतड्यांसाठी ओरडत फिरतो.

आक्काने पखालीचं तोंड सोडलं. देवमाशाचा श्वास दरबारातून गेला. तपकिरी पिसं हलकी, ती छताला लागली. पांढरी पिसं जड, कारण त्यांत साऱ्या किनाऱ्याची ऊब होती. ती खाली उरली.

"उचल," आक्का राजाला म्हणाली. "आपल्या हाताने."

राजाने अंगरख्यात पिसं भरली आणि कड्याखाली नेली. घरट्याघरट्यात ठेवली. पण माद्या दूर पाण्यात निघून गेल्या होत्या, आणि अंडी गार होती.

"ज्याने नेलं त्याने बसावं," एक नर बदक म्हणालं.

राजाने आक्काकडे पाहिलं. आक्काने समुद्राकडे पाहिलं. मग राजाने अंगरखा काढला आणि वाऱ्यात, उघड्या छातीने, घरट्यावर पालथा पडला. त्याच्या छातीखाली पहिलं अंडं आतून टिचलं आणि पिल्लू बाहेर आलं, तेव्हा डोंगराच्या तोंडातून धूर निघाला. झरे उसळले. बर्फाच्या बेटाभोवतीचं पाणी वाफाळलं, आणि बेट त्यावर तरंगत किनाऱ्याला लागलं, सूर्य टेकायच्या आत.

बायका उतरल्या. येसू दाई वाळूतून चालत आली आणि घरट्यावर पालथ्या पडलेल्या राजापाशी थांबली.

"दाई," राजा मान वर न करता म्हणाला, "माझ्याकडून—"

"हलू नकोस," येसू म्हणाली. "अजून अंडी आहेत. सगळी फुटू देत, मग बोलू."

सगळी फुटेपर्यंत राजा तिथेच होता. सैनिकांनाही एकेक घरटं मिळालं. शालजोड्याही त्या वर्षी घरट्यांखाली गेल्या, आणि कोणी कुरकुरलं नाही, कारण आक्का तिथेच वाळूत बसून भाकर खात होती.

तेव्हापासून त्या राज्यात पुन्हा पहिलं पीस घराचं, दुसरं बाजाराचं, तिसरं पाखराचं. सिंहासनावर गादी नाही. सहा कोनी काळा दगड आहे. राजाला तो गार लागतो. लागू दे.