ठुमीच्या गाडीचा सुटलेला बूट

एक होती ठुमी उंदरीण. एवढीश्शी! दोऱ्याएवढी शेपटी, पण गाडी काय ऐटबाज! चार जाड जाड चाकं. वाळूत चाले, चिखलात चाले, दगडांवरही चाले. भुर्रर्र, भुर्रर्र!

दिवसभर ठुमीनं कणसं वेचली. पोतं भरलं, गाडीत टाकलं. पाय दुखले, पाठ दुखली, शेपटीसुद्धा दुखली. घर टेकडीपलीकडे. घरी पिल्लं उपाशी.

भुर्रर्र, भुर्रर्र... कट! कट! कट!

काय झालं? चाकाच्या दांड्याला धूळ लागू नये म्हणून घातलेला काळा रबरी बूट सुटला. आतलं ग्रीस बाहेर आलं, बाहेरची वाळू आत गेली. सकाळीच सैल झाला होता तो. तेव्हा बाईसाहेबांनी काय केलं? काथ्यानं बांधला! काथ्या टिकतोय होय? तुटला.

ठुमी गाडी ढकलत निघाली. लुटुलुटु, लुटुलुटु, हुश्श!

खेकडेदादांचं गॅरेज आलं. दादा नांग्या पसरून बसले होते.

"दादा, दादा, बूट बसवा ना! गाडी पुढं जाईना, घरी पिल्लं उपाशी!"

"काथ्यानं बूट राहतो होय गं? तांब्याची पट्टी लागते. मी दमलोय बाई. तांबट पट्टी ठोकेल, तर मी बूट बसवीन."

लुटुलुटु, लुटुलुटु, हुश्श!

वडावर तांबट पक्षी राहायचा. हातोडी उशाला घेऊन पडला होता.

"तांबटभाऊ, तांबटभाऊ, पट्टी ठोका ना! खेकडा बूट बसवेना, गाडी पुढं जाईना, घरी पिल्लं उपाशी!"

"मी दमलोय बाई. निखारा फुलेल, तर मी पट्टी ठोकीन."

लुटुलुटु, लुटुलुटु, हुश्श!

तांबटाच्या शेगडीत निखारा होता. राखेचं पांघरूण ओढून निजला होता.

"निखारेबुवा, निखारेबुवा, फुला ना! तांबट पट्टी ठोकेना, खेकडा बूट बसवेना, गाडी पुढं जाईना, घरी पिल्लं उपाशी!"

"मी दमलोय बाई. वारा फुंकेल, तर मी फुलेन."

ठुमीला कंटाळा आला का? छे! कंटाळायलाही वेळ नव्हता बिचारीला.

लुटुलुटु, लुटुलुटु, हुश्श!

वारा शेगडीमागच्या वाळूत लोळत होता. त्यानं डोळेसुद्धा उघडले नाहीत.

"वारेराव, वारेराव, फुंका ना! निखारा फुलेना, तांबट पट्टी ठोकेना, खेकडा बूट बसवेना, गाडी पुढं जाईना, घरी पिल्लं उपाशी!"

"मी दमलोय बाई."

"मग कोण काय करेल, तर तुम्ही फुंकाल?"

वारा विचार करू लागला. कुणाचं नाव घ्यावं, त्याला सुचेना. आता जायचं कुणाकडे? ठुमीला रडूच आलं. ती मटकन खाली बसली.

"राहू दे बाबा. तूही दमलास, मीही दमले. बस जरा."

वाऱ्यानं एक डोळा उघडला. "सगळे म्हणतात, वाहा रे, वाहा! 'बस जरा' असं कुणी म्हणालंच नाही गं मला."

त्याला किती बरं वाटलं! त्यानं अंग सैल सोडलं. आणि पोटातून म्हणाला,

"हु...श्श...श्श...श्श!"

अगंबाई! वाऱ्याचा हुश्श तो! थेट शेगडीत शिरला.

वारा हुश्श म्हणाला, निखारा फुलला. लाल लाल!

निखारा फुलला, तांबटानं पट्टी ठोकली. टुक टुक टुक!

तांबटानं पट्टी ठोकली, खेकड्यानं बूट बसवला. आधी वाळू पुसली, मग ग्रीस भरलं, मग पट्टी आवळली. कच्च!

खेकड्यानं बूट बसवला, गाडी पुढं निघाली. भुर्रर्र, भुर्रर्र! टेकडी चढली, टेकडी उतरली. आलं घर!

"आई, आई, उशीर का गं झाला?"

"अरे, काय सांगू! वारा फुंकेना, निखारा फुलेना, तांबट पट्टी ठो... ठो..."

घुर्रर्र. आई झोपलीसुद्धा.

पिल्लांनी पोतं सोडलं. कुटुकुटु कणसं खाल्ली. सगळ्यांत जाड कणीस आईच्या उशाशी ठेवलं. मग हळूच, अगदी हळूच, तिचे पाय चेपत बसली.