हौसाबाईंची रजा

गोदाकाठच्या एका गावात भिका नावाचा मुकादम होता. इतका भोळा, की 'जरा थांब' म्हटलं तर जेवणवेळ टळली तरी तिथंच उभा. तात्यांच्या कांद्याच्या खळ्यावर बाया दिवसभर उकिडव्या बसून कांदा निवडत, गडी गोण्या वाहत. रजा देणं भिकाकडं.

"कण्हेल त्याला रजा दे," तात्यांनी सांगितलं.

सकाळी बाजीराव हमाल कंबर धरून, गल्लीभर कण्हत आला. भिकानं रजा दिली. मागून त्याची बायको हौसाबाई आली. बिचारीचे गुडघे सुजून नारळाएवढे झाले होते.

"मुकादम, आज रजा पायजे. बसलं का उठवत नाय."

"कण्हा मग."

"ते नाय येत मला. कधी येळच झाला नाय."

"मग नाय," भिका म्हणाला.

तात्यांना हे कळलं. "अरे येड्या, कण्हणं काय ऐकतोस? सूज बघत जा."

दुसऱ्या दिवशी बाजीरावानं दंड फुगवून दाखवला. भिकानं बोटानं दाबून पाहिला. टणक सूज. रजा दिली.

मग हौसाबाईला म्हणाला, "वहिनी, सूज दाखवा."

चारचौघांत लुगडं गुडघ्याच्या वर? हौसाबाईनं असे डोळे वटारले, की भिकानं आपलेच मिटून घेतले. मिटल्या डोळ्यांना सूज दिसेना. रजा नाही.

तात्यांनी कपाळावर हात मारला. "तिला आधी घरी पाठव. मग जाऊन बघ. जो पडून असेल, त्याचं दुखणं खरं."

भिका गेला. बाजीराव खाटेवर पडून पाय दाबून घेत होता. हौसाबाई दाबत होती. भिकानं तिची रजा रद्द केली.

"अरे गाढवा," तात्या रडकुंडीला आले, "घरात काम असेपर्यंत ती पडेल कशी? काम उरलं नाही, तर पडेल ना?"

हे मात्र भिकाला पटलं. तो बैलगाडी जुंपून गेला. चूल उपटली, हंडे उचलले, जातं घेतलं, केरसुणी घेतली.

"अजून काय काम राह्यलं का, वहिनी?"

हौसाबाईनं खाटेकडं बोट केलं.

गाडी तात्यांच्या दारात उभी राहिली. वर खाटेसकट बाजीराव, या खेपेला खरोखर कण्हत.

"वहिनी गाढ झोपल्या," भिका छाती फुगवून म्हणाला. "घरातलं समदं काम आणलंय. कुठं उतरवू?"

आतून तात्यांची बायको कमरेवर हात ठेवून, वाकत वाकत बाहेर आली. तिनं खाट पाहिली, बाजीराव पाहिला.

"भिका, गाडीत अजून जागा हाये का रं?"

भिकानं नीट वाकून पाहिलं. तात्या मावतील एवढी होती.

"हाये की, काकू," तो म्हणाला, आणि त्यानं तात्यांचं बखोट धरलं.