सहावी पत्रावळ

एकदा एका वृद्ध सुताराच्या केरोबा नावाच्या शिष्याला राजधानीचे वेध लागले. तिथे नक्षीकाम करणाऱ्याला गावाच्या तिप्पट मजुरी मिळते म्हणे! गावात आई, बायको सगुणा, दोन मुले आणि तो स्वतः, एवढ्यांचे कसेबसे भागायचे. दारात पाहुणा दिसला की केरोबा मागच्या दाराने सटकायचा.

निरोप देताना गुरूंनी ना उपदेश केला, ना एखादे हत्यार दिले. पळसाच्या सहा पत्रावळी तेवढ्या त्याच्या हाती ठेवल्या.

"पहिल्या दिवसाची मजुरी मिळाली की त्या दिवसाचं भाडं, पाणी, सरपण भागव. उरेल त्यात या वाढून बघ."

"पण गुरुजी, घरात आम्ही पाचच. सहावी कशाला?"

"आधी जा तर खरा!"

राजधानीत मजुरी हातात पडली आणि स्वारी हरखून गेली. पण खोलीचा मालक दारातच उभा, त्याच्यामागे पाणीवाला, त्याच्याही मागे मोळीवाली! उरलेल्या पैशांत एक पत्रावळ भरली, दुसरीवर नुसता भात पडला. कोरड्या पत्रावळींकडे पाहताना त्याला घरच्यांची अशी आठवण आली की हातातला घास त्याने तसाच खाली ठेवला. बिचारा एवढेसे तोंड करून परतला.

गुरू खळखळून हसले. "अरे, तुझा निघण्याचा विचार बरोबरच होता. मजुरी मुठीत मोठी दिसते, पंगतीत वाढली की तिचं खरं माप कळतं. नदीपलीकडे लाकडाची पेठ आहे. मजुरी राजधानीपेक्षा कमी, पण राहायला घर मिळतं आणि चुलीला ढलपे फुकट. तिथे जा, सगळ्यांना घेऊन जा."

"मग हे आधीच का नाही सांगितलंत?"

"म्हातारा आडवा येतोय, असं वाटलं असतं तुला!"

पुढच्या महिन्यात गुरू त्या पेठेत गेले. सगुणेने सहा पत्रावळी मांडल्या होत्या आणि सहाही काठोकाठ भरल्या होत्या.

"कळलं, गुरुजी. सहावी तुमची," केरोबा आनंदाने म्हणाला.

"माझी नव्हे रे. दारात येईल त्याची. आज मी आलो, एवढंच."

तेवढ्यात बाहेरून कोणा वाटसरूने पाणी मागितले. केरोबा लगबगीने उठला आणि म्हणाला, "नुसतं पाणी काय, पाहुणे? आत या, जेवायलाच बसतोय!"