माल तिथं कॅमेरा

एका गावात एक भोळा रखवालदार होता, आणि त्याच गावातल्या एका कुत्र्यानं सकाळी वर केलेली तंगडी दुपार झाली तरी खाली घेतली नव्हती.

शलाकाला पहिल्यांदा खटकलं ते एवढंच. बेदाण्याच्या शेडमध्ये टेबलाशी बसून ती संगणकाच्या पडद्याकडं बघत होती. पडद्यावर शेडचं फाटक, फाटकाशेजारी विजेचा खांब, खांबाला कुत्रं. ती जेवायला गेली तेव्हा तंगडी वर. जेवून आली तेव्हाही वर. शलाका कॉलेजात शिकलेली होती, त्यामुळं घाबरायची कारणं तिला इतरांपेक्षा जास्त ठाऊक होती. खांबात करंट उतरला आणि कुत्रं चिकटलं, असं मनात येऊन ती दचकून बाहेर धावली.

खांबाला कुत्रं नव्हतं. ते पलीकडं सावलीत पाय पसरून झोपलं होतं. त्याच्या शेजारी भोळा रखवालदारही पाय पसरून झोपला होता.

भोळ्याचं नाव सिदू. गावात भोळे बरेच होते, पण पगारी हा एकच.

"सिदूमामा, पडद्यावरचं कुत्रं हलत का नाही?"

"मी थांबवलंय त्याला," सिदू म्हणाला. "शकीलभाई म्हणलं हुतं, चित्र हलाया नको. ते एक बटण घावलं. दाबलं की समदं गप."

शकीलभाई म्हणजे मिरजेचा कॅमेरेवाला. त्यानं हापिसातल्या जुन्याच संगणकात एक कार्ड बसवलं, फाटकावरच्या कॅमेऱ्याची वायर त्याला जोडली, मागं इंटरनेटचं एक डोंगल खोचलं आणि सांगितलं, "ताई, आता हाच तुमचा रेकॉर्डर. समोर घडेल ते साठवेल. डोंगल आहे तोवर तुमच्या मोबाइलवरही दिसेल." जाताना कॅमेरा वाऱ्यानं डुगडुगतोय असं दिसलं, म्हणून तो सिदूला एवढंच म्हणाला, की लक्ष ठेव, चित्र हलायला नको. आणि मिरजेला गेला. त्यानंतर त्याला फोन केला की तो कायम कुठल्या तरी शिडीवर असायचा.

कॅमेरा हौसेनं बसवलेला नव्हता. शेड गावातल्या बायकांच्या बचत गटाची. बायका वाळलेला बेदाणा निवडायच्या, हिरवा निराळा, पिवळा निराळा, आणि बॉक्स भरून ठेवायच्या. गट बायकांचा आणि अध्यक्ष मात्र रावसाहेब आण्णा. असं का, हे कुणी विचारलं नव्हतं, कारण विचारायचं तर आण्णांची परवानगी लागली असती. तर मध्यंतरी भरलेले बॉक्स मोजताना कमी लागायला लागले. कुलूप शाबूत आणि माल कमी. एक किल्ली गटाचा हिशोब ठेवणाऱ्या शलाकाकडं होती. दुसरी आण्णांकडं होती, पण ती कुणी धरत नव्हतं. अध्यक्षांकडं असते ती किल्ली नसते, तो मान असतो.

आण्णांनी सगळ्या बायकांदेखत सांगितलं होतं, "पोरी, यात्रेच्या दिवशी कुस्त्या झाल्या की माइकवर फैसला करायचा. तवर चोर मशीनमदी दिसला पायजे. न्हाई दिसला तर किल्ली खाली ठेवायची. मग गाव काय समजायचं ते समजंल."

गाव काय समजेल हे शलाकाला अगोदरच ऐकू यायला लागलं होतं. नळावर ती गेली की बोलणं थांबायचं. तिची सख्खी चुलती इंदूकाकी गटात होती, पण तीसुद्धा हल्ली बॉक्स मोजताना मोठ्यानं मोजायची.

रखवालदार सिदूच का, असं एकदा शलाकानं आण्णांना विचारलं होतं. आण्णा म्हणाले, "असाच माणूस पायजे. इमानी."

तर शलाकानं सिदूला नीट बसवून सांगितलं. "मामा, चित्र थांबवायचं नाही. जे हलतंय ते हलू द्यायचं. कशाला म्हणजे कशाला हात लावायचा नाही."

सिदूनं मान हलवली. मान तो फार छान हलवायचा.

दोन दिवसांनी असा वारा सुटला की कॅमेऱ्याचा स्क्रू ढिला झाला. कॅमेरा हलायला लागला. सिदू खाली खुर्ची टाकून बघत बसला. हलतंय ते हलू द्यायचं होतं. हलता हलता कॅमेऱ्यानं मान टाकली आणि तो सरळ जमिनीकडं बघायला लागला. सिदूनं हात लावला नाही. संध्याकाळी मात्र तो पळत शलाकाच्या घरी आला.

"ताई, चोर घावला. माल उचलून नेताना घावला. मशीनमदी सोच्छ दिसतोय."

शलाका चप्पल न घालता धावली. मागं इंदूकाकी, काकीमागं निम्मी आळी. सिदूनं ऐटीत पडद्याकडं बोट केलं. पडद्यावर फाटकाखालची माती होती. मातीवर एक मुंगळा होता. मुंगळ्याच्या तोंडात एक बेदाणा होता.

"हिरवा हाय," इंदूकाकी वाकून म्हणाली. "निवडक माल नेतोय मेला."

आळी हसत परत गेली. दुसऱ्या दिवशी मोजलं तर आणखी बॉक्स कमी. फाटकातनं कोण आलं, कोण गेलं, मशीनला माहीत नव्हतं. मुंगळे किती गेले ते माहीत होतं.

शलाकानं शकीलभाईला फोन लावला. तो शिडीवर होता. मग तिनं स्वतःच स्टुलावर चढून, डोळे अर्धे मिटून, कॅमेरा सरळ केला आणि खाली उतरून सिदूला सांगितलं, "मामा, असं काही ढिलं झालं की घट्ट बांधायचं. ऊन-वाऱ्यापासनं जपायचं. अडीच हजारांची वस्तू आहे ती."

सिदूनं मान हलवली. ती हलली की शलाका आता मनातल्या मनात शकीलभाईचा नंबर आठवायला लागायची.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी पडदा काळा झाला. शलाकाला वाटलं वीज गेली, पण डोक्यावर पंखा फिरत होता. तिला वाटलं आपलेच डोळे गेले, पण पंखा दिसत होता. मग संगणक बंद करून पुन्हा चालू केला, वायर काढून पुन्हा खोचली, शकीलभाईला फोन केला, तो शिडीवर होता. शेवटी ती बाहेर आली. फाटकावर कॅमेऱ्याच्या जागी एक गाठोडं लटकत होतं. गोणपाट, त्यावर सुतळीचे वेढे, त्यावर सिदूचा स्वतःचा मफलर.

"तापला हुता," सिदू म्हणाला. "हात लावून बघितलं. मग गोणपाट वलं केलं आन् आवळलं. आता सुखात हाय."

"अहो मामा, त्याला दिसतंय का काही?"

"त्याला दिसाया कशाला पायजे? मी बघतोय की."

"आणि दुपारी कोण येऊन गेलं मग?"

"मी कुठं बघत हुतो? मी बांधत हुतो."

बॉक्स पुन्हा कमी भरले होते. शलाकानं भिंतीला डोकं टेकलं आणि सावकाश, एकेक शब्द सुटा करून सांगितलं, "मामा. कॅमेऱ्यासमोर. काहीही. येऊ. द्यायचं. नाही. समोर मोकळं पाहिजे."

सिदूनं मान हलवली.

दुसरा दिवस निवडीचा. बायका डबे घेऊन फाटकात आल्या, तर सिदू काठी आडवी धरून उभा.

"समोरनं यायचं न्हाई. ताईंचा हुकूम हाय. कॅमेऱ्याम्होरं मोकळं पायजे."

"मग काय उडून येऊ का रं मुडद्या?" इंदूकाकी म्हणाली.

"मागं खिडकी हाय."

खिडकीखाली त्यानं स्टूलही ठेवलं होतं. साडी खोचून, एकमेकींना ढकलत, शिव्या देत सगळ्या बायका खिडकीतनं आत गेल्या. हमाल खिडकीतनं गेले. पाणी भरायला आलेली म्हातारी खिडकीतनं गेली. आणि अकराच्या सुमाराला आण्णा आले. आण्णा अध्यक्ष होते, त्यामुळं त्यांचं पोटही अध्यक्षांचं होतं. ते निम्मे आत गेले आणि निम्मे बाहेर राहिले. आतून बायका ओढायला लागल्या, बाहेरून सिदू ढकलायला लागला, आणि मधल्या मधे धोतरानं दम सोडला.

त्या दिवसाचं रेकॉर्डिंग शकीलभाईनं बघितलं असतं तर त्याचे डोळे भरून आले असते. चित्र स्वच्छ, स्थिर, आणि त्यात दिवसभर एक चिटपाखरूही नाही.

आण्णांनी कुणाचं तरी लुगडं गुंडाळून घेतलं आणि सिदूला समोर उभं केलं. "गाढवा, माणूस वळखायला शीक. मी आलो की दार उघडायचं. मला वाट द्यायची. माझ्या हातात वझं दिसलं तर आपल्या खांद्यावर घ्यायचं. आन् तोंड उघडायचं न्हाई."

सिदूनं मान हलवली.

शलाकाला वाटलं आता जे सांगायचं ते एकाच वाक्यात सांगावं, ज्यात चुकायला जागाच नाही. रात्रभर विचार करून तिनं ते वाक्य तयार केलं. सकाळी सिदूकडून घोकूनही घेतलं.

"मामा, बाकी सगळं विसरा. माल तिथं कॅमेरा. कॅमेरा तिथं मशीन. आणि मशीन तिथं तुम्ही. म्हणा."

"माल तितं क्यामेरा. क्यामेरा तितं मशीन. मशीन तितं मी."

"काहीही झालं तरी?"

"आभाळ फाटलं तरी."

शलाकाला बऱ्याच दिवसांनी बरं वाटलं. आणि बरं वाटलं म्हणून पुन्हा भीती वाटली.

यात्रेच्या दिवशी दुपारी सगळं गाव कुस्त्यांच्या फडात. हलगी घुमत होती, बायका देवळाच्या कट्ट्यावर बसल्या होत्या. शेडवर सिदू एकटा. शलाका कट्ट्याच्या टोकाशी बसून सारखी मोबाइलवर बघत होती. फाटक, खांब, कुत्रं. कुत्र्यानं तंगडी वर केली, खाली घेतली. सगळं ठीक. मग मोठ्या कुस्त्या सुरू झाल्या आणि खाली ठेवलेला मोबाइल तिनं बऱ्याच वेळानं पुन्हा उचलला. पडदा काळा.

सिदूला फोन लावला. वाजत राहिला. पुन्हा लावला. वाजत राहिला. शकीलभाईला लावला. तो शिडीवरही नव्हता, त्याचा फोन बंद होता.

ती इंदूकाकीला ओढत शेडवर पळाली. फाटक उघडं. आत निवडक हिरव्या बेदाण्याची थप्पी होती तिथं नुसती जमीन. फाटकावर कॅमेरा नव्हता, स्क्रूची भोकं होती. टेबलावर मशीन नव्हतं, धुळीत त्याच्या आकाराची चौकट होती. आणि सिदूच्या खुर्चीवर सिदू नव्हता.

"कुलूप तोडलेलं न्हाई, पोरी," इंदूकाकी हळू म्हणाली. "किल्लीनं उघडलंय." ती शलाकाकडं बघत नव्हती.

इतक्यात भोंग्यातनं आण्णांचा आवाज आला. शलाका शिवराम माने, जिथं असशील तिथनं फडात यायचं आहे. दोनदा आला. फडात आज आण्णा जरा उशिरानंच पोचले होते, घामाघूम होऊन, पण आल्याबरोबर माइक त्यांनी सोडला नव्हता.

ती मंचाशी गेली तेव्हा हलगी थांबली होती. पैलवान अंगावरची माती पुसत बघत होते. शेड रिकामी झाल्याची बातमी तिच्याअगोदर येऊन बसली होती.

"रखवालदार पळाला म्हणं," आण्णा माइकवर म्हणाले. "बिचारा भोळा. त्याला कुणी शिकवलं असंल? रोज त्याला शिकवत कोण हुतं, समद्यांनी बघितलंय. पोरी, किल्ली ठिव हितं."

शलाका इतकी गोंधळली की किल्ली पदराच्या टोकाला आहे की पर्समध्ये हेच तिला आठवेना, आणि तिनं तर ड्रेस घातला होता, पदर नव्हताच. "मला एकदा फोन लावू द्या," ती म्हणाली.

"लाव की. समद्या गावाला ऐकू दे," म्हणत आण्णांनी माइक तिच्या मोबाइलला लावला. त्यांना ठाऊक होतं, तिकडून कुणी उचलणार नाही.

रिंग साऱ्या फडावर वाजायला लागली. एकदा. पुन्हा एकदा. झाडावर बसून कुस्त्या बघणारी पोरंसुद्धा पुढं वाकली. शलाकानं डोळे मिटले.

आणि सिदूनं फोन उचलला.

"हां ताई," भोंगा म्हणाला. "रागावू नका. मघापासनं फोन वाजतोय, पर आण्णांनी तोंड उघडायचं न्हाई म्हणून बजावलेलं, म्हणून तोंडात वायर धरली हुती. आता जोडली. आण्णा आलं, दार उघडलं, वाट दिली, वझं खांद्यावर घेतलं, समदं त्यांनी शिकवलं तसं. माल टेंपोत गेला. मग माल तितं क्यामेरा म्हणून क्यामेरा काढला, मशीन घेतलं, मागं बसून मीबी आलो. आण्णांच्या मळ्यातल्या माडीवर बसवलंय बघा. हितं आपलं आदीचंबी बॉक्स हाईत, पार आढ्यापातुर. आता नीट बघून सांगा ताई, चित्र हलतंय नव्हं?"