तोड्याची खूण

फार पूर्वी, नदीकाठच्या एका नगरात, एका वृद्ध शिक्षिकाबाईंना घाटाच्या पायरीवर एक तोडा सापडला. तो कोतवालाच्या स्वाधीन केला तो त्यांनीच, आणि तो भलत्याच पायात जाण्याची वेळ आली तीही त्यांच्यामुळेच. या कथेत त्यांचा वाटा एवढा आहे. तो आरंभीच सांगितलेला बरा.

नगरातले सारे त्यांना ‘बाई’ म्हणत. राजवाड्यातील मुलींना व्याकरण शिकवण्यात त्यांचे आयुष्य गेले होते. आता शिकवणे संपले होते. सुधारणे संपले नव्हते. रस्त्यात कोणी ‘मी पाणी पिलो’ म्हणाला, तर बाई थांबत, त्याच्याकडून ‘प्यालो’ म्हणवून घेत आणि मगच पुढे जात.

तोडा पदरात गुंडाळून बाई तडक चावडीवर गेल्या. कोतवालाने तो पेटीत ठेवला आणि म्हटले, “बाई, दवंडी एवढीच पिटली जाईल की काहीतरी सापडले आहे. जो खूण सांगेल त्याची वस्तू. तोडा माझ्या पेटीत राहील. खूण तुमच्या पोटात राहू द्या.”

“मी एकही शब्द बोलणार नाही,” बाई म्हणाल्या. तसा त्यांचा निश्चयच होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी शेजारीण तुळशीच्या मंजिऱ्या मागायला आली. ही शेजारीण गोड बोलणारी आणि मोठी चतुर होती.

“बाई, तुमास्नी कायतरी गवसली म्हणं घाटावर?”

“‘काहीतरी’ नपुंसकलिंगी आहे. ‘गवसले’ म्हणावे.”

“गवसले. नथच असंल ती.”

“‘ती’ नव्हे, ‘तो’,” बाई म्हणाल्या. वस्तूचे नाव त्यांनी सांगितले नव्हते. केवळ लिंग सुधारले होते.

शेजारणीने मंजिऱ्या खुडता खुडता मान हलवली. “तो व्हय. मंग हार असंल, गळ्यामंदी घालायचा.”

“‘गळ्यामंदी’ हा शब्दच नाही. ‘गळ्यात’ म्हणतात. आणि येथे तर ‘पायात’ म्हटले पाहिजे.”

“म्हंजी तोडा. पितळंचा.”

“‘पितळेचा’. पण चांदीला पितळ म्हणू नये.”

“आन् घुंगरं लावलेला.”

“घुंगरे असती तर ‘घुंगरे’ म्हटले असते. मासोळ्या कोरल्या असल्या, तर ‘मासोळ्या’ म्हणावे. आता सारे वाक्य एकदा शुद्ध म्हण पाहू.”

बाईंनी वाक्य जुळवून दिले आणि शेजारणीने ते म्हटले, एकदा अडखळत आणि एकदा न अडखळता. बाईंना समाधान वाटले. इतक्या वयात कोणी इतके लवकर शिकत नाही, असे त्यांच्या मनात आले.

दुपारी चावडीवरून बोलावणे आले. तेथे शेजारीण ऐटीत उभी होती. तिच्या शेजारी पैलतीरावरच्या गावातली एक तरुण सून डोक्यावरचा पदर घट्ट धरून उभी होती. मागे तिची सासू होती.

“बाई,” कोतवाल म्हणाला, “दोघी एकच खूण सांगत आहेत. तुम्ही ती कोणाला सांगितली होती का?”

“नाही,” बाई तत्काळ म्हणाल्या.

“ही कशाला खरं सांगतीय?” सासू सुनेकडे बोट करून म्हणाली. “तोडा भावाला दिऊन आलीया, आन् म्हणती घाटावर पडला. कोतवालदादा, तोडा मिळाला तर ही माझ्या उंबऱ्याच्या आत. न्हाईतर इथनंच माहेरची वाट धरंल.”

 सुनेचा एक पाय रिकामा होता.

कोतवालाने दोघींना पुन्हा बोलायला सांगितले.

सून म्हणाली, “चांदीचा हाय. मासोळ्या हायती त्याला.”

शेजारीण म्हणाली, “तो चांदीचा तोडा असून त्याच्या कडेवर मासोळ्यांची नक्षी कोरलेली आहे.”

जमलेल्या लोकांनी माना डोलावल्या. एवढे स्वच्छ बोलणारी खोटे कशी बोलेल? दवंडीवाला तर हळूच म्हणाला, “ह्येला म्हंत्यात बोलणं.”

बाई मात्र चपापल्या. वाक्यात एकही चूक नव्हती, आणि त्यांच्या आळीत असे वाक्य कोणीच बोलत नसे. ‘असून’ त्यांचा होता. ‘कोरलेली’ त्यांची होती. गप्प राहिल्या असत्या, तर बाईंचा शब्द निष्कलंक राहिला असता आणि सून माहेरच्या वाटेला लागली असती.

“कोतवाल,” बाई म्हणाल्या, “मघाशी मी ‘नाही’ म्हणाले. ते चूक होते. हे वाक्य माझे आहे. मी हिला खूण सांगितली नाही, असे मी समजत होते. पण सुधारता सुधारता सगळी सांगून बसले.”

बाईंच्या तोंडून स्वतःची चूक त्या नगरात पूर्वी कोणी ऐकली नव्हती. 

“आता या दोघींना अशी खूण विचारा,” बाई पुढे म्हणाल्या, “जी मी बोलले नाही.”

कोतवालाने प्रथम शेजारणीला विचारले.  ती बाईंकडे पाहत सावकाश म्हणाली, “त्याच्यावर... एक बी वरखडा न्हाई?” आणि ती थांबली.

तिच्या त्या वाक्यात सुधारण्यासारखे पुष्कळ होते. बाईंचे ओठ हलले. मग त्यांनी ते मिटून घेतले.

“तू सांग,” कोतवाल सुनेला म्हणाला.

“डाव्या पायाचा हाय. दळाया बसले की जात्याच्या दगडाला घासतो. त्या अंगाच्या मासोळ्यांची खवलं पार गेल्याती.”

कोतवालाने पेटी उघडून तोडा सर्वांसमोर फिरवला. एका अंगाच्या मासोळ्या नुसत्या गुळगुळीत होत्या. सासूने तोडा हातात घेतला, त्या गुळगुळीत अंगावरून अंगठा फिरवला आणि स्वतः खाली बसून तो सुनेच्या पायात घातला.

“चल,” ती म्हणाली. “दळण तसंच पडलंय.”

मग कोतवालाने निर्णय दिला. शेजारणीने महिनाभर चावडीचे अंगण झाडावे. यापुढे ज्याला काही सापडेल त्याने ते चावडीवर द्यावे, आणि त्या वस्तूविषयी चावडीबाहेर तोंड उघडू नये; चूक सुधारण्यासाठीही नाही. निर्णय सुनेला मान्य झाला, सासूला मान्य झाला. शेजारणीला तो मान्य करावा लागला.

दवंडीवाला लगेच निघाला. “ऐका हो ऐका,” तो ओरडला, “ज्याला काय बी घावंल, त्येनं चावडीत आणून देनं.”

सर्वांनी बाईंकडे पाहिले.

“मान्य आहे,” बाई म्हणाल्या, आणि आणखी काहीही न बोलता घरी गेल्या.

तात्पर्य : सापडलेली वस्तू स्वाधीन करावी, आणि तिच्याबरोबर तिची खूणही स्वाधीन करावी.